रब्बीचे क्षेत्र ठरविण्यासाठी असमानतांचा आलेख

रब्बी हंगामाच्या आरंभी विहीर बहुधा भरलेली असते. त्या पाण्याकडे पाहून गव्हाचे क्षेत्र ठरविले जाते. पुढे फेब्रुवारी महिना उजाडतो, गव्हाचे दाणे चिकात येतात आणि नेमक्या त्याच वेळी विहिरीचा तळ दिसू लागतो. बी, खत, मशागत व मजुरी यांवरील खर्च तोपर्यंत होऊन गेलेला असतो. शेवटच्या एक-दोन पाळ्या न मिळाल्यामुळे दाणा बारीक पडतो व हाती यावयाचे उत्पन्न घटते. उथळ विहिरींच्या प्रदेशात हा अनुभव नवीन नाही. त्याचा सर्व दोष पावसाकडे देता येत नाही. विहिरीत पाणी किती आहे व पीक कोणत्या महिन्यात किती पाणी मागणार आहे, यांचा मेळ पेरणीपूर्वी घातला गेला नाही, हेही त्याचे एक मोठे कारण होय.

हा मेळ घालण्याचे सोपे साधन शाळेतील बीजगणितात आहे. त्यास असमानता असे म्हणतात. बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकार येत असणाऱ्या कोणाही शेतकऱ्यास ते हाताळता येईल. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी तर ते अवश्य शिकून घ्यावे व इतरांस शिकवावे.

असमानता म्हणजे काय?

समीकरणात दोन बाजू सारख्या असतात. असमानतेत एक बाजू दुसऱ्या बाजूपेक्षा लहान किंवा मोठी असते. शेतीच्या व्यवहारात समीकरणे थोडी आणि असमानता फार आढळतात. "जमीन चार एकरांहून अधिक नाही", "घरच्यापुरता निदान एक एकर गहू हवा", "पंप दिवसाला जास्तीत जास्त पाच तास चालतो", ही सर्व वाक्ये असमानताच होत.

लहान-मोठेपणा दाखविण्यासाठी < आणि > ही चिन्हे वापरतात. इंग्रज गणिती थॉमस हॅरियट यांच्या १६३१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातून ती प्रचारात आली. चिन्हाचे उघडे तोंड नेहमी मोठ्या संख्येकडे असते. म्हणजे ३ < ५ आणि ५ > ३. "लहान किंवा बरोबर" यासाठी ≤ व "मोठे किंवा बरोबर" यासाठी ≥ लिहितात. आपल्या बोलण्यातील "जास्तीत जास्त" म्हणजे ≤ आणि "निदान" किंवा "कमीत कमी" म्हणजे ≥ हे ध्यानात ठेवावे.

समीकरणाचे उत्तर बहुधा एकच संख्या असते. असमानतेचे उत्तर म्हणजे संख्यांचा एक संपूर्ण पट्टा असतो. त्या पट्ट्यातील कोणतीही संख्या चालते, त्याबाहेरील चालत नाही. शेतकऱ्यास निवड करावयाची असते. म्हणून निवडीची मोकळीक कोठपर्यंत आहे हे दाखविणारी असमानताच त्यास अधिक उपयोगी पडते.

एका अज्ञाताचे उदाहरण

एका शेतकऱ्याकडे १ फेब्रुवारी रोजी कडब्याच्या १,५०० पेंढ्या आहेत. पाऊस लांबल्यास हाताशी असाव्यात म्हणून ३०० पेंढ्या शिल्लक ठेवावयाच्या आहेत. एक बैलजोडी व एक गाय यांस मिळून रोज १० पेंढ्या लागतात. हा कडबा किती दिवस पुरेल?

दिवसांची संख्या क्ष मानू. क्ष दिवसांत १०क्ष पेंढ्या संपतील. उरलेल्या पेंढ्या निदान ३०० असाव्यात, म्हणून

१५०० − १०क्ष ≥ ३००

दोन्ही बाजूंतून १५०० वजा केले असता

−१०क्ष ≥ −१२००

आता दोन्ही बाजूंस −१० ने भागावयाचे आहे. ऋण संख्येने भागताना किंवा गुणताना असमानतेचे चिन्ह उलटते. म्हणून

क्ष ≤ १२०

कडबा जास्तीत जास्त १२० दिवस, म्हणजे मे महिनाअखेरपर्यंत पुरेल. हिरवा चारा मात्र जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापूर्वी हाती येण्याचा संभव नाही. १ फेब्रुवारीपासून तेथवर सुमारे १६० दिवस होतात. तेव्हा प्रश्न फिरवून विचारावा की, रोज किती पेंढ्या घातल्या असता १६० दिवस निभावतील? रोजच्या पेंढ्या क्ष मानल्यास १५०० − १६०क्ष ≥ ३००, म्हणजेच क्ष ≤ ७.५. अर्थात रोज सातच पेंढ्या घालता येतील व उरलेल्या तीन पेंढ्यांइतक्या चाऱ्याची तजवीज फेब्रुवारीतच करावी लागेल. मे अखेरीस चढ्या भावाने कडबा घेण्यापेक्षा हे हिशेब आधी करणे केव्हाही हिताचे.

चिन्ह का उलटते?

या एका नियमात पुष्कळांची चूक होते, म्हणून त्याचे कारण समजून घ्यावे. ३ ही संख्या ५ पेक्षा लहान आहे. परंतु तीन हजारांचे कर्ज असलेला मनुष्य पाच हजारांचे कर्ज असलेल्यापेक्षा बऱ्या स्थितीत असतो. म्हणजेच −३ हे −५ पेक्षा मोठे आहे. जमेच्या बाजूचा क्रम खर्चाच्या बाजूस नेला की तो उलटा होतो. ऋण संख्येने गुणणे म्हणजे हेच करणे होय.

बेरीज किंवा वजाबाकी केल्याने चिन्ह बदलत नाही. धन संख्येने गुणले किंवा भागले तरी बदलत नाही. केवळ ऋण संख्येने गुणताना किंवा भागताना ते उलटावे. शंका आल्यास उत्तर ताडून पाहावे. वरील पहिल्या उदाहरणात १०० दिवस घेतले तर ५०० पेंढ्या उरतात, म्हणजे अट पाळली जाते. १३० दिवस घेतले तर २०० च उरतात, म्हणजे अट मोडते. यावरून क्ष ≤ १२० हेच उत्तर बरोबर ठरते.

संख्यारेषेवरील आलेख

एका अज्ञाताच्या असमानतेचे उत्तर एका सरळ रेषेवर दाखविता येते. रेषेवर सारख्या अंतरावर संख्या मांडाव्या. क्ष ≤ १२० दाखविण्यासाठी १२० वर भरीव ठिपका द्यावा व तेथून डावीकडील भाग जाड करावा. दिवसांची संख्या ऋण असू शकत नाही, म्हणून जाड रेषा शून्यापाशी थांबवावी.

सीमेवरील संख्या उत्तरात येत असेल तर ठिपका भरीव काढतात. येत नसेल तर पोकळ काढतात. गहू किंवा हरभरा यांच्या प्रमाणित बियाण्याची उगवण निदान ८५ टक्के असावी लागते. १०० दाणे भिजवून ८५ उगवले तरी बियाणे चालते, म्हणून ८५ वर भरीव ठिपका. याउलट, पिकात नफा होण्यासाठी उत्पन्न खर्चाहून अधिक असावे लागते. दोन्ही सारखी झाली तर नफा नाही, म्हणून तेथे पोकळ ठिपका.

दोन पिकांचा प्रश्न

आता मूळ विषयाकडे वळू. चार एकर मध्यम जमीन व एक विहीर असलेल्या शेतकऱ्याने गहू व हरभरा यांचे क्षेत्र कसे ठरवावे? गव्हाचे क्षेत्र क्ष एकर व हरभऱ्याचे क्षेत्र य एकर मानू.

प्रथम पाणी मोजावे. २०० लिटरचे पिंप पंपाच्या धारेखाली धरून ते किती सेकंदांत भरते हे घड्याळावर पाहावे. ७२ सेकंद लागल्यास तासाला १०,००० लिटर पाणी पडते. नंतर विहिरीचे पाणी न तुटता पंप रोज किती तास चालतो, याची नोंद करावी. गेल्या वर्षीच्या नोंदी असल्यास उत्तमच. आपल्या उदाहरणात नोव्हेंबर व डिसेंबर महिन्यांत रोज साडेपाच तास, जानेवारीत चार तास व फेब्रुवारीत तीन तास पंप चालतो, असे धरू.

एक एकर रानास सुमारे साडेसात सेंटिमीटर पाणी द्यावयाचे तर सुमारे ३ लाख लिटर पाणी लागते. यास आपण एक "एकर-पाळी" म्हणू. महिना ३० दिवसांचा धरल्यास मिळणारे पाणी पुढीलप्रमाणे होईल.

नोव्हेंबर : ५.५ एकर-पाळ्या
डिसेंबर : ५.५ एकर-पाळ्या
जानेवारी : ४ एकर-पाळ्या
फेब्रुवारी : ३ एकर-पाळ्या
एकूण : १८ एकर-पाळ्या

मध्यम जमिनीत गव्हास पेरणीपूर्वी रान भिजविण्याची एक व पेरणीनंतर सुमारे १८ ते २० दिवसांच्या अंतराने पाच, अशा सहा पाळ्या धरू. हरभऱ्यास पेरणीपूर्वीची एक, ३० ते ३५ दिवसांनी एक व ६० ते ६५ दिवसांनी एक, अशा तीन पाळ्या धरू. यावरून पुढील अटी मिळतात.

जमिनीची अट : क्ष + य ≤ ४
हंगामातील पाण्याची अट : ६क्ष + ३य ≤ १८, म्हणजेच २क्ष + य ≤ ६
घरच्या गव्हाची अट : क्ष ≥ १
क्षेत्र ऋण नसते, म्हणून : य ≥ ०

आलेख काढण्याची रीत

आलेख कागदावर, किंवा तो नसल्यास चौकटीच्या वहीवर, एक आडवी व एक उभी रेषा काढावी. आडव्या रेषेवर गव्हाचे व उभ्या रेषेवर हरभऱ्याचे क्षेत्र मोजावे. एका एकरास चार चौकोन घेतल्यास एक चौकोन म्हणजे दहा गुंठे होतात, हे सोयीचे पडते.

प्रत्येक असमानतेतील चिन्हाच्या जागी बरोबरीचे चिन्ह घालून सीमारेषा काढावी. रेषेसाठी दोन बिंदू पुरतात. क्ष + य = ४ यात क्ष शून्य घेतल्यास य ४ येतो व य शून्य घेतल्यास क्ष ४ येतो. हे दोन बिंदू पट्टीने जोडावेत. त्याचप्रमाणे २क्ष + य = ६ ही रेषा आडव्या अक्षावरील ३ व उभ्या अक्षावरील ६ यांस जोडते.

रेषेची कोणती बाजू घ्यावयाची हे ठरविण्यासाठी एखादा सोपा बिंदू घालून पाहावा. दोन्ही क्षेत्रे शून्य घेतली तर ० ≤ ४ व ० ≤ ६ ही विधाने खरी ठरतात. म्हणून या दोन्ही रेषांची शून्याकडील बाजू घ्यावी. क्ष ≥ १ यात मात्र ० ≥ १ हे खोटे ठरते; म्हणून तेथे शून्यापासून दूरची, उजवीकडील बाजू घ्यावी. नको असलेल्या बाजू पेन्सिलीने काळ्या कराव्यात. शेवटी जो भाग कोरा उरतो तेवढ्यातच सर्व अटी एकाच वेळी पाळल्या जातात.

या कोऱ्या भागाचा एक कोपरा जमिनीची रेषा व पाण्याची रेषा जेथे छेदतात तेथे आहे. दोन समीकरणांची वजाबाकी केल्यास क्ष = २ व म्हणून य = २ येते. दोन एकर गहू व दोन एकर हरभरा घेतल्यास जमीनही पुरती लागते व हंगामाचे १८ एकर-पाळ्या पाणीही पुरते. पुष्कळ ठिकाणी हिशेब येथेच थांबतो, आणि पुढील नुकसानीचे मूळही येथेच असते.

महिनावार अटी विसरू नयेत

नोव्हेंबरमध्ये न उपसलेले पाणी फेब्रुवारीपर्यंत विहिरीत राहील असा भरवसा धरता येत नाही. विहीर तिच्या खोलीइतकेच पाणी धरते व पाझर दिवसेंदिवस मंदावतो. म्हणून हंगामाची बेरीज जमली तरी प्रत्येक महिन्याची अट वेगळी मांडली पाहिजे. १५ नोव्हेंबरच्या सुमारास पेरणी झाल्यास गव्हाच्या सहा पाळ्यांपैकी नोव्हेंबरात एक, डिसेंबरात दोन, जानेवारीत एक व फेब्रुवारीत दोन येतात. हरभऱ्याच्या तीन पाळ्या पहिल्या तीन महिन्यांत एकेक अशा येतात. म्हणून

नोव्हेंबर : क्ष + य ≤ ५.५
डिसेंबर : २क्ष + य ≤ ५.५
जानेवारी : क्ष + य ≤ ४
फेब्रुवारी : २क्ष ≤ ३, म्हणजेच क्ष ≤ १.५

नोव्हेंबरची अट जमिनीच्या अटीतच सामावते व जानेवारीची अट तिच्याशी जुळते. परंतु डिसेंबर व फेब्रुवारी यांच्या अटी नव्या आहेत. दोन एकर गहू व दोन एकर हरभरा यांस डिसेंबरात ६ एकर-पाळ्या लागतील. विहीर देईल ५.५. फेब्रुवारीत ४ लागतील. विहीर देईल ३. म्हणजे दाणे भरण्याच्या ऐन वेळी अर्धा एकर गहू पाण्यावाचून राहील.

या दोन रेषा आलेखावर काढल्यास आधीचा कोपरा कापला जातो. डिसेंबरची रेषा आडव्या अक्षावरील पावणेतीन व उभ्या अक्षावरील साडेपाच यांस जोडते. ती हंगामाच्या रेषेस समांतर व तिच्या आतल्या बाजूस असल्यामुळे हंगामाच्या अटीचे आता प्रयोजन उरत नाही. फेब्रुवारीची रेषा आडव्या अक्षावरील दीडमधून सरळ उभी जाते. नवा कोपरा दीड एकर गहू व अडीच एकर हरभरा येथे येतो. दुसरा कोपरा एक एकर गहू व तीन एकर हरभरा येथे आहे.

कोपऱ्यांवरील उत्पन्न

निव्वळ उत्पन्न सर्वांत अधिक कोठे मिळेल, हे पाहण्यासाठी कोऱ्या भागाचे कोपरे तपासले म्हणजे पुरते. उत्पन्न क्षेत्राच्या प्रमाणात वाढत असेल तर सर्वाधिक उत्पन्न कोणत्या तरी कोपऱ्यावर हमखास सापडते. पिके व अटी पुष्कळ असल्या तरी असे कोपरे क्रमाने तपासण्याची पद्धत जॉर्ज डॅंट्झिग या अमेरिकन गणितज्ञाने १९४७ साली शोधून काढली.

समजा, खर्च वजा जाता गव्हापासून एकरी २०,००० रुपये व हरभऱ्यापासून १६,००० रुपये मिळतात. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. दीड एकर गहू व अडीच एकर हरभरा यांपासून ७०,००० रुपये होतात; एक एकर गहू व तीन एकर हरभरा यांपासून ६८,००० रुपये होतात. कापल्या गेलेल्या दोन-दोन एकरांच्या कोपऱ्यावर कागदोपत्री ७२,००० रुपये दिसतात. म्हणजे दोन हजार रुपयांच्या दिसणाऱ्या लाभासाठी अर्ध्या एकराचा गहू धोक्यात घालावा लागतो. हा सौदा परवडणारा नाही. भाव उलट असते, म्हणजे हरभऱ्यास २०,००० व गव्हास १६,००० मिळाले असते, तर पहिल्या कोपऱ्यावर ७४,००० व दुसऱ्यावर ७६,००० रुपये होऊन एक एकर गहू व तीन एकर हरभरा हीच निवड श्रेयस्कर ठरली असती. भाव बदलले तरी कोपरे बदलत नाहीत; त्यांपैकी कोणता निवडावयाचा एवढेच बदलते.

व्यवहारात घ्यावयाची काळजी

१. क्षेत्र अगदी सीमारेषेवर ठरवू नये, थोडे आत ठरवावे. फेब्रुवारीस २८ च दिवस असतात, वीज अधूनमधून जाते, चारीत पाणी मुरते. आपल्या उदाहरणात ५० गुंठे गहू व १०० गुंठे हरभरा घेतल्यास डिसेंबरात ५ व फेब्रुवारीत अडीच एकर-पाळ्याच लागतात. दहा गुंठे रान पडून राहिले तरी बाकीचे पीक निश्चिंतपणे पदरात पडते.

२. वरील आकडे प्रत्येक शेतास लागू पडणार नाहीत. जमीन, वाण, पेरणीची तारीख व विहीर यांप्रमाणे पाळ्या व पाणी बदलते. रीत मात्र तीच राहते. स्वतःच्या विहिरीचे मोजमाप स्वतः करावे.

३. तुषार सिंचनाने एका पाळीचे पाणी कमी लागले तर तेवढ्याच पाण्यात अधिक एकर-पाळ्या बसतात. सीमारेषा बाहेर सरकते व कोरा भाग वाढतो. सुधारणेचा लाभ किती, हे आलेखावर डोळ्यांनी दिसते.

४. पाणी अपुरे असता गव्हास तीनच पाळ्या देता येत असतील तर त्या पेरणीनंतर सुमारे २१, ४२ व ६५ दिवसांनी, म्हणजे मुकुटमुळे फुटताना, फुटवे येताना व फुलोऱ्यात द्याव्यात. यामुळे उत्पन्न काहीसे कमी येते. परंतु फेब्रुवारीची अट निघून जाते. डिसेंबरची अट मात्र कायम राहते.

५. विहीर सामाईक असल्यास पाणी महिन्याच्या बेरजेने न मोजता आपल्या वाट्याच्या दिवसांपुरतेच मोजावे.

गावाचा ताळेबंद

एका विहिरीस जे लागू, तेच गावासही लागू आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावी पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडण्याची पद्धत रुळली. पिण्याचे पाणी व जनावरांची गरज आधी बाजूस काढावयाची व उरलेल्या पाण्यात कोणती पिके बसतात हे पाहावयाचे, असा त्याचा क्रम आहे. ऊस व केळी यांसारखी अधिक पाणी मागणारी पिके टाळण्याचा निर्णयही गावाने घेतला. तेथे बीजगणिताची चिन्हे वापरोत वा न वापरोत, "पिकांची मागणी ≤ उपलब्ध पाणी" हीच असमानता या कारभाराच्या मुळाशी आहे.

कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वीच्या सभेत एका शेतकऱ्याच्या विहिरीचे खरे आकडे घ्यावेत व फळ्यावर त्याचा आलेख सर्वांसमक्ष काढावा. नोव्हेंबरात विहीर भरलेली असताना फेब्रुवारीची रेषा डोळ्यांपुढे आली, तर गव्हाचे क्षेत्र किती ठेवावे हे शेतकरी आपण होऊन ठरवील. पंपाची धार मोजावयास एक पिंप व एक घड्याळ पुरते. ते काम पेरणीच्या आधीच्या आठवड्यात उरकून घ्यावे.